अक्काचं तेल आणि माझा डीजे

माझ्या अक्काची बाटली कुणी ओतली?

हा प्रश्न मी कॉलेजात सगळ्यांना विचारला. तिच्या गाइड सरांना विचारला, शिपाई मोरेकाकांना विचारला, फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना विचारला. प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभं राहून तर मोठ्यानंच विचारला. एकानं मला उलट विचारलं, "कोणती बाटली?" दुसरा म्हणाला, "आधी बसा, पाणी घ्या." मी बसलो नाही आणि पाणीही घेतलं नाही.

उत्तर मिळालं नाही की माणूस बोलत सुटतो. आष्टीत माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे आणि डीजेची गाडी आहे. आजकाल कुणी नुसती पिन जोडून घ्यायला आला तरी मी त्याला अक्काच्या लॅबचा किस्सा ऐकवतो. गुंत्यातली एक वायर ओढली की चार सोबत येतात, तसं एका किश्श्यामागं दुसरा निघतो. मित्र कंटाळले. म्हणाले, "गण्या, लिहून काढ बे एकदाचं, आमचे कान तरी सुटतील."

मी आठवीत शाळा सोडली. गाडीवर नाव रंगवण्यापलीकडं माझं लिखाण गेलं नव्हतं. अक्का असती तर आधी वेलांट्या सुधारल्या असत्या, मग वाचलं असतं. ती नाही, म्हणून जसं येतंय तसं घ्या.

*

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुरेखा. माय आणि बापू ऊसतोडीला गेले की घर, शेळ्या आणि मी, तिघांनाही तीच सांभाळायची. त्यातून ती शिकली आणि बीडच्या एका कॉलेजात पीएचडीला लागली.

एक दिवस ती दुकानात आली आणि म्हणाली, "गण्या, तुझ्याकडं चुंबक हाय का?"

म्हणलं, कॉलेजात नाही का? तर कॉलेजनं चुंबक घ्यायला तीन दुकानदारांकडून कोटेशन मागवली होती. दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्यानं फ्रिजवर चिकटवायच्या फळांचा सेट देऊ केला. त्यात आंबा होता, केळं होतं आणि डाळिंब होतं. अक्काचं संशोधन डाळिंबावर आहे म्हणल्यावर ऑफिसातला क्लार्क खूश झाला आणि तोच मंजूर करायला निघाला.

मी तिला एका फाटलेल्या बेसच्या स्पीकरमधून भाकरीएवढं चुंबक काढून दिलं. ती ते पिशवीत घालून घेऊन गेली. लॅबमध्ये नेऊन टेबलावर ठेवायच्या आत ते लोखंडी कपाटाला जाऊन चिकटलं. मोरेकाकांनी ओढलं, सरांनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. शेवटी कपाटाचं दार निघालं, चुंबक नाही.

पुढच्या वेळी आली ती माझ्या नव्या स्पीकरकडं बघत. त्यातलं चुंबक लहान असतं पण लई जोरदार. मी म्हणलं, "न्हाई. लगीनसराई हाय." ती म्हणाली, "आत्ता नको. फाटला की दे."

त्याच आठवड्यात एका हळदीत तो स्पीकर फाटला. मित्र म्हणतात मी मुद्दाम आवाज चढवला. म्हणू द्या.

*

ती चुंबकानं काय करते, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मायला तर मुळीच नाही. मायला वाटायचं, पोरगी कॉलेजात खिळे गोळा करते.

एकदा माय शेळीचं दूध काढत होती आणि अक्का शेजारी पिल्लू धरून बसली होती. तिथं तिनं सांगितलं.

डाळिंबावर तेल्या पडतो, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत आहे. पानाफळावर तेलकट डाग येतात, फळ तडकतं, बाग जाते. तो जंतूचा रोग आहे. रोप विकत आणताना हिरवंगार दिसतं, पण जंतू आत लपलेला असू शकतो. डाग दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. अक्काला तो डागाच्या आधी पकडायचा होता, त्याच्या डीएनएवरून.

"पानाच्या रसात लाखो डीएनए असतात, माय," अक्का म्हणाली. "झाडाचे, धुळीचे, भलत्याच किड्यांचे. आष्टीचा बाजार भरावा तसे. त्यात आपली शेळी कशी हुडकायची? तर तिचं पिल्लू सोडायचं. पिल्लू बरोबर आपल्या आईलाच लुचतं. पिल्लाला आधीच दोरी बांधून ठेवायची. दोरी ओढली की पिल्लू येतं, अन् पिल्लामागं आई येती."

पिल्लू म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, तेल्याच्या जंतूलाच जुळेल असा बनवलेला. दोरी म्हणजे त्या तुकड्याला जोडलेली शेपटी. आणि दोरी धरणारा म्हणजे अक्काचं तेल. ते खरं तेल नव्हतं. मधासारखं घट्ट, काळपट, पाण्यात न मिसळणारं एक द्रव होतं, आणि त्याच्या अंगातच असं काही होतं की ते चुंबकाकडं धावायचं. थेंब रसात सोडायचा, हलवायचं, नळीला बाहेरून चुंबक लावायचं. थेंब सरपटत काचेला येऊन बसतो आणि हवं तेवढंच डीएनए सोबत घेऊन येतो.

मायनं धार थांबवली. "अन् पिल्लू दुसऱ्याच शेळीला लुचलं तर?"

अक्का हसली नाही. "मग माझं सगळं वाया," ती म्हणाली. "लोक म्हणतील, हिच्या तेलाला सगळीकडंच तेल्या दिसतो."

*

थेंब काढला की तो गुलाबी पाण्याच्या नळीत टाकायचा आणि नळी गरम ठेवायची. तेल्या असेल तर पाणी पिवळं होतं. नसेल तर गुलाबीच राहतं. अक्का शेतकऱ्यांना सांगायची, "कुंकू राहिलं तर खुशाल लावा. हळद आली तर लावू नका."

प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. तिला ते कोरी नळी म्हणायचे. कोरी नळी गुलाबीच राहिली पाहिजे. ती पिवळी झाली तर कुठंतरी घाण शिरलीय, आणि बाकीच्या नळ्यांचं काहीच खरं धरायचं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मोरेकाकांनी लॅबमधल्या मशीनची पूजा केली. ती ते दरवर्षी करत. नळ्या तापवायच्या मशीनला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि डाळिंबाची लॅब म्हणून नैवेद्याला बाजारातून आणलेलं डाळिंब फोडून झाकणावर ठेवलं. सांडलेला रस फडक्यानं टिपला, मग त्याच फडक्यानं सगळी टेबलं पुसून घेतली.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच दिवशी कोरी नळी पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी. सर म्हणाले, ही पूजेची हळद आहे, मशीन धुऊन काढा. मशीन धुतलं. पुन्हा पिवळी. अक्काची ज्युनियर साना, ही नेकनूरची, तिनं हातमोजे बदलले, पाणी बदललं, नळ्या बदलल्या. पुन्हा पिवळी. सर खुर्चीत बसून राहिले.

अक्का मात्र मागच्या बाजूला कचऱ्याच्या डब्यापाशी गेली आणि नैवेद्याची सुकलेली साल घेऊन आली. सालीवर बारीक तेलकट डाग होता. तिनं सालीची तपासणी लावली. गडद पिवळी.

मोरेकाका रडकुंडीला आले. "म्हंजे मी देवाला रोगट फळ दाखवलं?"

"देवाला काई झालं न्हाई, काका," अक्का म्हणाली. "मशीनला झालं."

पुढच्या खंडेनवमीला काकांनी नारळ आणला. फोडायच्या आधी लॅबच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "ताई, नारळाला तेल्या येतो का?"

*

माझ्या वाढदिवसाला अक्कानं मला एक नळी दिली. बोटाएवढी काचेची, दोन्हीकडून वितळवून बंद केलेली. आत पाणी आणि पाण्यात तळाशी तिचं तेल, जाड थेंबाएवढं.

मी म्हणलं, "घड्याळ द्यायचं सोडून हे काय?"

म्हणाली, "स्पीकरच्या मागं चुंबकापाशी लाव, मग बोल."

लावली. थेंब हळूहळू सरकत वर आला आणि चुंबकाच्या बाजूला काचेला चिकटून बसला. मी गाणं लावलं. बेस पडला की तो थेंब थरथरायचा, लांब व्हायचा, पुन्हा गोळा व्हायचा. मी नळी कायमची गाडीवर बसवली, मागून एक बारका लाइट सोडला. वरातीत पोरं नाचायचं सोडून ती बघायला यायची. एका नवरदेवानं घोड्यावरून उतरून बघितली. मग नवरीच्या मामानं येऊन त्याला पुन्हा घोड्यावर बसवलं.

लोक विचारायचे, आत काय हाय? मी सांगायचो, माझ्या अक्कानं बनवलंय, पीएचडीचं हाय. दिंद्रुडच्या एका बँडवाल्यानं तर विचारलं, "असलं पीएचडी आमाला बी भेटंल का?"

*

आमच्या भागात एक मोठी रोपवाटिका आहे. मालक तात्यासाहेब. पुढाऱ्यांत ऊठबस, बोलायला गोड, आणि डाळिंब लावणारा जवळपास प्रत्येक जण त्यांच्याकडूनच रोप नेतो.

त्यांनी शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. माईक माझा होता. सरांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं, सर अक्काला घेऊन आले. अक्कानं पाच मिनिटांत चुंबक, थेंब, हळदकुंकू, सगळं सांगितलं आणि म्हणाली की रोप विकण्याआधी प्रत्येक वाफ्याची अशी तपासणी होऊ शकते, इथंच, गरम पाण्याच्या थर्मासवर.

तात्यासाहेब उठले. खंडेनवमीची गोष्ट आष्टीपर्यंत आली होती.

"पोरी, तुझ्या तेलाला साध्या पाण्यात बी तेल्या सापडला म्हणं," ते म्हणाले. मांडव हसला. "माझ्या रोपात बी सापडंलच मग. तुला पायजे ते तूच हुडकती."

अक्का माइकवर म्हणाली, "तात्या, नळ्या तुमी भरा. मला सांगू बी नका कशात काय हाय. पाणी भरा, लिंबाचा पाला भरा, तुमचं रोप भरा. मी फक्त रंग सांगती."

"अन् माझ्या रोपात निघाला तर?"

"ते तुमी सांगा."

सगळा मांडव तात्यांकडं वळला. माघार घ्यायची तर सगळे बघत होते. तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तर तो वाफा मी माझ्या हातानं उपटीन."

मी आवाज थोडा वाढवला होता. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

*

नळ्या भरायचा दिवस ठरला, त्याच्या आधीच अक्का गेली.

स्कूटीवर गावाकडं येत होती, दिवेलागणीला. समोर उसाची डबल ट्रॉली उभी, मागं लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. एवढंच आहे. त्या ट्रॉलीत ऊस कुणी तोडून भरला असेल, हा विचार माय करत बसते. मी करत नाही. मी दिव्याचा करतो. एक लाल दिवा. माझ्या दुकानात खोक्यात असे दिवे पडलेले आहेत.

कॉलेजनं शोकसभा ठेवली. मी म्हणलं, आवाज माझा. भाड्यानं आणू नका, कुणी पुटपुटलेलं मला चालणार नाही. प्राचार्य बोलायला उभे राहिले. बिचारी म्हणाले, गरीब घरातली म्हणाले, नियतीपुढं कुणाचं चालतं म्हणाले. मग म्हणाले, "पाण्यातून लोखंड वेगळं करण्यावर तिचं मोलाचं संशोधन होतं."

मी माईक बंद केला.

प्राचार्यांनी बोटानं दोनदा टकटक केली. माझ्याकडं बघून म्हणाले, "अहो, आवाज गेला."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "चुकीचा होता."

पुढं साना उठली आणि माइकशिवायच बोलली. अक्का काय करत होती, ते शेळी आणि पिल्लासकट सांगितलं. मोरेकाका रडत होते. सर खाली बघत होते. तिचं सगळं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

*

अक्काचा डबा आणि चप्पल आणायला मी लॅबमध्ये गेलो, तर तिचा कोपरा लख्ख होता. कुठलीशी तपासणी समिती येणार होती म्हणून आवराआवर झाली होती. साना फ्रिज उघडून उभी होती. आकडे, म्हणजे ती दोरी बांधलेली पिल्लं, जागेवर होती. तेलाची बाटली धुऊन पालथी घालून ठेवली होती. अक्काच्या हातचं लेबल तसंच होतं.

महिनोन्‌महिने खपून केलेलं तेल. मी ज्याला त्याला विचारलं ते तुम्हाला सांगितलंच.

सर म्हणाले, पुन्हा करता येईल. साना म्हणाली, येईल, पण सामान मागवायचं, बनवायचं, शुद्ध करायचं, वर्ष जाईल. आणि तात्यासाहेबांची रोपं पावसाळ्याच्या तोंडाशी गावोगाव जाणार होती. तिकडं तात्यासाहेब सांगत फिरत होते की पोरीचं वाईट झालं, पण तपासणी काही खरी नव्हती, असती तर कॉलेजनं पुढं केलीच असती.

मी सरांना म्हणलं, कॉलेजनं करायला पाहिजे. सर म्हणाले, वरून परवानगी नाही, आणि मुळात तेलच नाही, गणेश.

मी खाली येऊन गाडीत बसलो. साना मागोमाग आली, अक्काची छत्री द्यायला. तिनं छत्री दिली आणि तशीच उभी राहिली. ती माझ्याकडं बघत नव्हती. माझ्या मागं, स्पीकरच्या पाठीवर बघत होती.

"नक्को," मी म्हणालो.

"मी काही बोलले का, भाऊ?"

"बोलू पण नको. ती माझी हाय. तिनं मला दिली."

साना म्हणाली, बरोबर आहे. म्हणाली, काच फोडली की परत काहीच उरणार नाही, थेंब वापरला की संपला. आणि इतके दिवस उन्हातान्हात, बेसवर हादरत होता, चालेल की नाही तेही माहीत नाही. एवढं सगळं माझ्याच बाजूनं बोलून ती गेली.

मी तीन लग्नं केली त्यानंतर. तिन्हीत लाइट बंद ठेवला. थेंबाकडं बघवेना. चौथ्या वरातीत एक पोरगा म्हणाला, "दादा, पीएचडी दाखवा की." मी लाइट लावला. थेंब तिथंच होता, चुंबकाला धरून. गाणं चालू होतं आणि तो थरथरत होता.

मी सानाला फोन लावला.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी दुकानात कुणाला सांगत नाही.

तात्यासाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं की ठरल्याप्रमाणं अक्काची तपासणी होणार आहे. ते म्हणाले, "अरे, ती गेली, विषय संपला." मी म्हणलं, तुमचा शब्द मांडवात सगळ्यांनी ऐकलाय, माईक माझा होता. चार बागायतदार तिथं चहा पीत होते. त्यांच्या समोर त्यांना नाही म्हणता येईना.

रविवारी सकाळी रोपवाटिकेच्या शेडमध्ये माणसं जमली. साना आणि मी गाडीतून आलो. सरांनी कळवलं होतं की ते रजेवर आहेत. साना टेबल मांडत होती तेव्हा डोक्याला रुमाल गुंडाळून एक माणूस मोटारसायकलवरून आला आणि मागं बाकड्यावर बसला. ते सर होते. सोबत अक्काचा थर्मास आणला होता, गरम पाणी भरून.

नळ्या तात्यासाहेबांच्या मुकादमानं आत खोलीत जाऊन भरल्या. कशात काय, ते कागदावर लिहून तात्यासाहेबांनी खिशात घातलं. सानानं लोकांना तिची कोरी नळी दाखवली आणि सांगितलं, ही पिवळी झाली तर तात्या जिंकले, आम्ही घरी जातो.

मग तिनं माझ्याकडं हात केला.

मी स्पीकरवरून नळी काढली. मागं माझ्या गाडीवरच्या पोरानं विचारलं, फोडू का? म्हणलं, कुणी हात लावायचा नाही. मी फडक्यात धरून टोक मोडलं. काचेचा आवाज एवढासाच झाला.

सानानं प्रत्येक नळीत आकडे सोडले आणि थेंबातला थोडा थोडा भाग घातला. हलवलं. मी चुंबक धरलं, त्या फाटलेल्या स्पीकरमधलं. पहिल्या नळीत तेल तळालाच बसून राहिलं. कुणीतरी खोकलं. मी चुंबक दाबून धरलं, आणि ते निघालं. सरपटत, काचेला धरून, चुंबकापाशी आलं. मागचे लोक उठून पुढं आले.

थेंब गुलाबी पाण्यात गेले, नळ्या थर्मासमध्ये गेल्या. तात्यासाहेबांनी सगळ्यांना चहा दिला. मी घेतला नाही. तात्यासाहेब बाजारभावाचं बोलत राहिले. सर घड्याळ बघत होते आणि सानाला मानेनं सांगत होते, अजून नाही, अजून नाही.

मग सानानं थर्मास उघडला.

कोरी नळी गुलाबी होती. सरांनी डोक्याचा रुमाल सोडला.

तात्यासाहेबांच्या नळ्यांपैकी दोन गुलाबी, दोन पिवळ्या. सानानं तशा वेगळ्या मांडल्या आणि हात मागं घेतले. म्हणाली, "रंग सांगितला. आता कागद वाचा."

तात्यासाहेबांनी कागद काढला, बघितला आणि घडी घालायला लागले. एका म्हाताऱ्या बागायतदारानं तो त्यांच्या हातातून हळूच घेतला आणि वाचला. गुलाबी, विहिरीचं पाणी. गुलाबी, लिंबाचा पाला. पिवळी, तेल्यानं वाळलेल्या बागेतलं पान, पलीकडच्या गावातून मुद्दाम आणलेलं.

चौथ्याला तो थांबला. चष्मा नीट केला.

"अन् ही, तात्या, तुमच्या दारातल्या पहिल्या वाफ्याची."

त्या वाफ्यात रोपं हिरवीगार होती. एका पानावर डाग नव्हता.

तात्यासाहेब म्हणाले, "पुन्हा कर."

सानानं माझी मोडलेली नळी उलटी धरून दाखवली.

"तेल संपलं," मी म्हणालो. "करणारी गेली. परत व्हायला वर्ष लागंल."

"मग वर्षानं बघू," तात्यासाहेब म्हणाले आणि उठले. कुणीच उठलं नाही. मुकादमसुद्धा नाही. ते ऑफिसच्या दाराकडं दोन पावलं गेले आणि तिथंच थांबले, कारण सगळे वाफ्याकडं बघत होते, त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं.

मी वाफ्यात शिरलो. पहिलं रोप पिशवीसकट उचललं, पिशवी फाडली, मुळांसकट, मातीसकट उपसून काढलं आणि तात्यासाहेबांच्या हातात दिलं.

"हे अक्काच्या वतीनं," मी म्हणालो. "आता तुमी."